परवानगी दिसत नाही

त्याने काउंटरवरचा स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवला, आणि काउंटरमागच्या मुलीने तितक्याच हळूच तो परत स्वतःकडे वळवून घेतला. दोघांनीही हे इतक्या सभ्यपणे केलं, की बघणाऱ्याला वाटावं, दोघं मिळून त्यावरची धूळ पुसतायत.

"सर, तुमची परवानगी दिसत नाही," ती म्हणाली.

"मी नवरा आहे."

"हो, ते दिसतंय. नात्याच्या रकान्यात 'पती' आलंय. परवानगी दिसत नाही."

स्क्रीनवर काय लिहिलं आहे हे बघायला त्याला स्क्रीन वळवायची गरजच नव्हती. 'रुग्णाने ही माहिती आपल्यासाठी खुली केलेली नाही. क्षमस्व.' हे वाक्य त्यानेच लिहिलं होतं. 'क्षमस्व' घालावं की 'दिलगीर आहोत', यावर एक अख्खी मीटिंग झाली होती आणि तीत तोच जिंकला होता. आता ते वाक्य त्याच्या फोनवरही होतं. बायकोला चाचण्यांसाठी दाखल केल्यापासून तो दिवसातून कितीदा तरी फोन काढून बघत असे, आणि त्याचाच शब्द त्याला दरवेळी तितक्याच नम्रपणे बाहेर उभं करत असे.

मागे मेहुणा उभा होता. तो स्वभावाने गमत्या होता आणि घाबरला की जास्तच गमत्या होई.

"भाऊजी, हे सॉफ्टवेअर तुमच्याच कंपनीचं ना? म्हणजे सुताराला स्वतःच केलेल्या दारातून आत जाता येईना म्हणायचं."

"तसंच असतं ते," तो म्हणाला. "दार चांगलं केलं असेल तर."

मेहुणा हसला नाही. "पण ताई तुमच्यापासून काय लपवतेय?" त्याने विचारलं, आणि विचारल्यावर स्वतःच खाली बघू लागला.

हॉस्पिटल आधुनिक होतं. डॉक्टरांनी व्हरांड्यात नातेवाइकांच्या खांद्यावर हात ठेवून काही सांगण्याची पद्धत तिथे बंद झाली होती. जे काही असेल ते डॉक्टर सिस्टिममध्ये लिहीत. रुग्ण आपल्या टॅबलेटवर बोट टेकवून ठरवी, की हे कुणाकुणाला दिसावं. ज्याला दिसायचं त्याच्या फोनवर ते दिसे. ज्याला नाही, त्याच्याशी डॉक्टर हवापाण्याबद्दल बोलत. त्यामुळे भांडणं कमी झाली, रडारड फोनमध्ये गेली, आणि त्याच्या कंपनीने ही गोष्ट माहितीपत्रकात पहिल्या पानावर छापली.

त्याचा धंदाच मुळी लपवण्याचा होता. कायदेशीर आणि पगारी. प्रोग्रॅम लिहिताना जी जी वस्तू तयार होते, रुग्ण म्हणा, खाट म्हणा, औषधाची गोळी म्हणा, तिच्या पोटात काय असावं आणि त्यातलं बाहेरच्या कोडला किती दिसावं, हे लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं. त्यासाठी तीन शब्द आहेत. पब्लिक, म्हणजे कुणीही यावं, बघावं, बदलावं. प्रोटेक्टेड, म्हणजे त्या वस्तूच्या वंशजांपुरतं. आणि प्रायव्हेट, म्हणजे ज्याचं त्याने. बाहेरच्याला काही हवंच असेल तर त्याने दार वाजवून मागावं आणि आतल्याने द्यायचं तेवढंच द्यावं. घाईतले प्रोग्रॅमर सगळंच पब्लिक ठेवतात. मग कुठल्या तरी कोपऱ्यातला कोड दुसऱ्याच्याच पोटात हात घालून काहीतरी बदलतो, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनला आलेले आजोबा कागदोपत्री बाळंत होतात. त्याच्या हाताखालून असा कोड कधी गेला नाही. दिसेल ते प्रायव्हेट करायचं आणि कुणी रडत आला तरच उघडायचं, अशी त्याची रीत. म्हणून ऑफिसात त्याला समोर 'सर' आणि पाठीमागे 'कुलूपकाका' म्हणत. त्याला दोन्ही ठाऊक होतं. दुसरं जास्त आवडत असे.

जेवणाच्या टेबलावरही तो हे सांगायचा. बशीत वाढलं ते पब्लिक, पातेल्यात आहे ते घरच्यांसाठी प्रोटेक्टेड, आणि पोटात गेलं ते प्रायव्हेट.

"आणि पोटात दुखलं तर?" बायकोने एकदा विचारलं होतं. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि नकाशावर न दाखवता येणाऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल तिला शंका असे.

"तर ज्याचं दुखतंय त्याने सांगावं. दुसऱ्याने पोटात हात घालून बघू नये."

हे तत्त्व त्याने घरात प्रामाणिकपणे पाळलं. तिचं टपाल त्याने कधी उघडलं नाही, तिचा फोन वाजला तर तो उचलून तिच्याकडे नेऊन द्यायचा, नाव न वाचता. ती मैत्रिणींना सांगायची, आमच्या घरात दोन संस्थानं आहेत, पण तह जुना आहे, आणि सीमेवर चहा एकत्र होतो. तो हे ऐकून खूश व्हायचा. आता त्याच सीमेवर तो फोन हातात धरून उभा होता, आणि पलीकडे काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता.

विचारता आलं असतं. खोलीत जायचं, खुर्ची ओढायची आणि म्हणायचं, काय सांगितलं डॉक्टरांनी? बाकीची माणसं असंच करतात. पण तिने बोट टेकवताना त्याला वगळलं होतं. चुकून नव्हे, चुकून वगळता येऊ नये याची काळजी त्यानेच घेतली होती, सिस्टिम दोनदा विचारायची. म्हणजे तिने दोनदा नाही म्हटलं होतं. दोनदा नाही म्हणणाऱ्या माणसाला तिसऱ्यांदा विचारणं त्याच्या हातून होईना.

तो खोलीत गेला तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. त्याला बघून तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि त्याच्याकडे बघत राहिली. परीक्षेच्या खोलीत एखाद्या मुलाला उत्तर येतंय हे माहीत असताना ती ज्या नजरेने बघायची, तशी.

तो खिडकीपाशी गेला. पडद्याची एक कडी निसटली होती. त्याने ती अडकवली, मग बाकीच्याही तपासल्या.

"कुंड्यांना पाणी घालतोय मी," तो म्हणाला. "शाळेतून फोन आला होता. तुझ्या वर्गावर बदली शिक्षिका दिलीय. ती नद्या शिकवतेय."

"नद्या झाल्यात शिकवून."

"सांगतो मी त्यांना."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पिंपिं आवाज बराच वेळ चालला.

"तुला काही बोलायचंय का?" तिने विचारलं.

"नाही. तुला?"

"माझं सांगून झालंय."

दुधाबद्दल, त्याला वाटलं. सकाळी तिने दूध बंद करायला सांगितलं होतं. "केलं मी बंद," तो म्हणाला. तिने चष्मा पुन्हा काढला आणि डोळे मिटून घेतले. तो थोडा वेळ पडद्यापाशी उभा राहिला आणि मग, ती झोपली असेल तर जागी होऊ नये म्हणून, चवड्यांवर चालत बाहेर आला. ती झोपली नव्हती, हे त्याला दारातच कळलं. पण परत फिरायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो सरळ टाचणीच्या टेबलापाशी गेला. रुग्णांच्या माहितीचा जो भाग पूर्वी त्याच्याकडे होता तो आता तिच्याकडे होता. बारीकशी चूकही ती नेमकी टोचून दाखवायची, म्हणून तिला टाचणी म्हणत; आणि हे नाव तिला तिच्यासमोरच म्हणत, कारण तिच्या पाठीमागे काही म्हणणं तसं अवघडच होतं.

त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. बायको हॉस्पिटलात आहे. काय झालंय ते मला माहीत नाही. एक शब्द बदलायचा आहे, प्रायव्हेटचा पब्लिक, तेवढ्याच एका जागी, एक मिनिटभर. मग परत करून टाकू. कुणाला कळणार नाही.

टाचणीने त्याच्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं तो तिला जे शिकवत आला होता, ते सगळं त्याच्या चेहऱ्यावरून उतरून गेलं होतं.

"सर, बसा आधी," ती म्हणाली.

तो बसला. तिने त्याला पाणी दिलं आणि हळू आवाजात सांगितलं, की हे ती करणार नाही. तिने तसं केलं तर त्यानेच तिला काढून टाकायला हवं. त्याने मान हलवली. ते बरोबरच होतं. आपण लावलेलं झाड चांगलं वाढलं, आणि आता त्याच्या सावलीत आपल्यालाच थंडी वाजतेय, असं काहीसं त्याला वाटलं.

"माहिती नाही दाखवता येणार," ती म्हणाली. "कोड दाखवते. कोड बघायला बंदी नाही."

तिने नकाराचा कोड उघडला. 'क्षमस्व'पर्यंत पोचण्याच्या वाटा त्यात होत्या. रुग्णाने परवानगी दिली नसेल तर नकार, ही एक वाट. तिने बोट खाली सरकवलं. तिथे दुसरी होती. विचारणाऱ्या माणसाचा फोन नंबर कंपनीच्या कर्मचाऱ्याचा असेल, तर रुग्णाने परवानगी दिलेली असली तरी नकार. कारण सांगायचं नाही. परवानगीच नाही, असं दाखवायचं. त्यावर एक टीप होती: 'अपवाद नको. मलाही नको.'

"हे तुमचं आहे, सर," टाचणी म्हणाली.

त्याला आठवलं. पूर्वी कधीतरी कंपनीतल्या एका बहाद्दराने एका प्रसिद्ध बाईंचा आजार सिस्टिममध्ये शिरून वाचला होता आणि तो सोसायटीभर केला होता. माफीनामे झाले. त्यानंतर याने एका बैठकीत हे लिहून काढलं, आणि नकाराचं कारणसुद्धा आतलीच गोष्ट आहे, असं म्हणून तेही झाकून टाकलं. सगळ्यांनी वाखाणलं होतं. किल्ली कुठे ठेवली हे विसरणारी माणसं पुष्कळ असतात. हा गृहस्थ कुलूप लावलंय हेच विसरला होता.

"म्हणजे तिने दिलीही असेल," तो म्हणाला.

टाचणीने दुसरी खिडकी उघडली. कुठला नकार कुठल्या दिवशी, कुठल्या वाटेने गेला याची नोंद तिथे असे, बाकी काही नाही. तिने ती वाचली, बंद केली, आणि पाण्याच्या पेल्याकडे बघत म्हणाली, "दिलीय, सर. अगदी पहिल्याच दिवशी. त्यांच्या टॅबलेटवर टिक दिसत असणार, की पतीसाठी खुली केली. हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही."

त्याला हसू आलं. कधी नव्हे ते ऑफिसात दात दिसेपर्यंत हसला तो. तिने दिली होती. पहिल्याच दिवशी. एवढे दिवस उराशी धरलेला दगड त्याने कुणाला न दिसता तिथेच टेबलाखाली ठेवून दिला.

तो नियम काढून टाकायला काय लागेल, हे त्याने विचारलं. टाचणीने सांगितलं: तीन जणांच्या सह्या, हॉस्पिटलची संमती आणि पुढच्या महिन्याचं अपडेट. ही पद्धतही त्याचीच होती. पण आता त्याला त्या सगळ्याची गरज नव्हती. आता जाऊन विचारता येणार होतं. तिने दार उघडून ठेवलं होतं आणि तो बाहेर पायपुसण्यावर उभा होता, एवढीच तर गोष्ट.

तो लिफ्टमध्ये असतानाच मेहुण्याचा फोन आला.

"भाऊजी, घरी सोडतायत! आजच. आई तर रडायलाच लागलीय. म्हटलं, अगं, सोडल्यावर कसली रडतेस, ठेवून घेतल्यावर रडायचं असतं."

म्हणजे चाचण्या चांगल्या आल्या. सोडतात ते चांगलं असेल तरच. टॅक्सीत तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिला. तुझा नवरा गाढव आहे, इथून सुरुवात करायची. ती म्हणेल, हे प्रायव्हेट ठेवलं होतंस होय? मग दोघंही हसतील.

व्हरांड्यात सासूबाई बाकावर बसून डोळे टिपत होत्या. त्याला बघून त्यांनी दोन्ही हात त्याच्या गालांवर ठेवले, जे त्यांनी लग्नातही केलं नव्हतं. मेहुणा चाकाची खुर्ची शोधायला गेला होता. दाराशी डॉक्टर फोनवर काहीतरी टाइप करत उभे होते.

"नेताय ना घरी," डॉक्टर म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"हो. चांगलंच झालं."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "त्यांनी विचार करून ठरवलंय. मी दोनदा बोललो. तुमच्याशी बोलून ठरवलं, असं म्हणाल्या."

"माझ्याशी?"

डॉक्टरांनी फोनवर काहीतरी बघितलं. सवयीने, सावधपणे. "तुमचं नाव इथे दिसत नाही मला," ते म्हणाले, "त्यामुळे मी अधिक काही... उकाडा फार वाढलाय नाही हल्ली?" आणि ते पुढच्या खोलीत गेले.

ती पलंगाच्या कडेला बसली होती. साडी नेसून, केस विंचरून, पिशवी मांडीवर घेऊन. शाळेची सहल निघायच्या आधी बसायची तशी. बूट खाली होते. इथे आल्यापासून तिचे पाय सुजले होते, तिला वाकता येत नव्हतं. तो काही न बोलता तिच्यासमोर फरशीवर बसला आणि एक बूट हातात घेतला. बुटाला नाडी होती, हे त्याला बरं वाटलं. नाडीला वेळ लागतो.

"अगं, ते सिस्टिमचं..." त्याने सुरुवात केली.

"ते राहू दे आता. आधी मी बोलते, नाहीतर राहून जाईल." तिने पिशवीचे बंद सारखे केले. "तू चांगलं केलंस, एवढंच मला सांगायचंय."

"काय केलं मी?"

"पहिल्याच दिवशी मी सगळं तुझ्यासाठी खुलं केलं. तोंडाने सांगायचं म्हणजे सांगताना तुझं तोंड बघावं लागलं असतं. ते मला नको होतं. म्हटलं, वाचेल, त्याच्या त्याच्या वेळेला वाचेल. आणि मग वाट बघत बसले. वाटलं, येशील आणि सुरू करशील, उपचार करून घे, सगळे घेतात, मी आहे ना. तू आलास आणि पडद्याच्या कड्या अडकवल्यास."

त्याच्या हातातली नाडी थांबली.

"आधी राग आला. म्हटलं, हा माणूस आहे की कपाट? मग रात्री पडल्या पडल्या कळलं. तू सगळं वाचलंयस. टक्केवारी, पुढचे महिने, त्या औषधाने काय काय होतं, सगळं. आकडे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतात. त्यात काही अर्थ असता तर तू बोलल्यावाचून राहिला नसतास. तू बोलला नाहीस. म्हणजे तुलाही तेच वाटतंय, फक्त म्हणवत नाहीये. कुणीतरी मला जोर न करता बसून राहिलं, याचं मला इतकं..." तिने वाक्य सोडून दिलं. "म्हणून सकाळी डॉक्टरांना नको म्हणून सांगितलं."

"काय नको?" त्याने विचारलं.

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि ते हसू त्याच्यासाठीच होतं.

तो बुटाकडे बघत राहिला. गाठ फार घट्ट बसली होती. त्याने ती सोडवली आणि पुन्हा बांधायला घेतली. बाहेर मेहुणा आला असावा. चाकाच्या खुर्चीत स्वतःच बसून तो आईला व्हरांडाभर फिरवून दाखवत होता, आणि सासूबाई त्याला हळू आवाजात रागावत होत्या.

"मी काहीच वाचलेलं नाही," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं. मग पुढे वाकून, जेवढं वाकता येत होतं तेवढं वाकून, त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"छान," ती म्हणाली. "आईसमोरही असंच म्हण. मीही कुणाला काही सांगितलेलं नाही."

"खरंच. अगं, मला दिसतच नव्हतं. तो नियम..."

"हो रे," ती म्हणाली. "कळलं मला." आणि दुसरा पाय पुढे केला.